विज्ञान शाखेचं पहिलं वर्ष: अभ्यास करूनही मार्क पडत नसतील तर या चुका टाळा

पहिल्या सेमिस्टरची पहिली चाचणी झाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सगळं वाचलं होतं हो, पण पेपरात काही सुचलंच नाही." हे सांगणारी मुलं खोटं बोलत नसतात. रात्र रात्र जागलेली असतात, वह्या भरलेल्या असतात, पुस्तकात रंगीत रेघा मारलेल्या असतात. शाळेत याच पद्धतीने त्यांना भरपूर मार्क मिळालेले असतात. त्यामुळे पद्धतीवर शंका घ्यावी असं त्यांच्या मनातच येत नाही, शंका येते ती स्वतःच्या बुद्धीवर. पहिल्या वर्षाला शिकवताना मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. कारण बहुतेक वेळा बुद्धी कमी पडलेली नसते. वाचलेलं ओळखीचं वाटलं म्हणजे ते आपल्याला आलं, ही समजूत नडलेली असते. पहिल्या वर्षाच्या बऱ्याचशा चुका तिच्यातूनच निघतात.

पुन्हा पुन्हा वाचणं

धडा तिसऱ्यांदा वाचताना कुठेच अडत नाही, आणि न अडणं म्हणजे अभ्यास झाला असं वाटू लागतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काहींनी दिलेला उतारा परत परत वाचला. काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

म्हणून धडा एकदा नीट वाचून झाला की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि व्याख्या, आकृत्या, सूत्राची सिद्धता, जे आठवेल ते लिहा. पहिल्यांदा पानभर रिकामी जागा दिसेल. ती पाहून घाबरू नका, पुढचा अर्धा तास नेमका कशावर घालवायचा ते त्या रिकाम्या जागेने सांगितलेलं असतं.

सोडवलेल्या उदाहरणांचंही तसंच. पुस्तकातलं उत्तर ओळ ओळ वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते, पण ती पायरी आपल्याला सुचली असती का, हे त्यातून कळत नाही. एक साधा प्रश्न घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ०.०१ मोलर द्रावणाचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा, ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) २ आणि ०.००१ मोलरचा ३, हे सगळ्यांना येतं. मग ०.०००००००१ मोलर द्रावणाचा किती? लॉग घेऊन झटकन उत्तर येतं, ८. पण ८ म्हणजे आम्लारीधर्मी द्रावण! पाण्यात आम्ल टाकून, कितीही थोडं टाकलं तरी, ते आम्लारीधर्मी कसं होईल? इथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन विसरलेले असतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात त्यांची संहती ०.००००००१ मोलर असते असं नुसतं पाठ असून उपयोग नाही. ती आपण टाकलेल्या आम्लाच्या दहापट आहे, हे या ठिकाणी आठवावं लागतं. दोन्हींचा मेळ घातला की पीएच सुमारे ६.९८ येतो. सूत्र सगळ्यांकडे सारखंच असतं. ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, ही जाण स्वतः सोडवून, चुकून, परत सोडवूनच येते. म्हणून सोडवलेलं उदाहरण आधी झाकून स्वतः करून पाहा आणि अडलात तर फक्त पुढची एक ओळ उघडा.

"लेक्चरला तर सगळं कळतं"

चांगल्या शिक्षकाचं लेक्चर ऐकताना सगळं सोपं वाटतं. हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरेख लेक्चर ऐकणाऱ्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं, पण चाचणीत वर्गात स्वतः गणितांशी झटापट करणारी मुलं वरचढ ठरली. झटापट करताना डोकं शिणतं, आणि आपल्याला येत नाही म्हणूनच ते शिणतंय असा चुकीचा अर्थ मुलं काढतात.

स्वतःला तपासायचं असेल तर हा प्रश्न विचारून पाहा: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असतो त्या क्षणी त्याच्यावर कोणती बलं असतात? कुणी म्हणतं, एकही नाही, कारण चेंडू थांबलाय. कुणी म्हणतं, हाताने दिलेलं बल आणि गुरुत्वाकर्षण त्या क्षणी समसमान होतात. दोन्ही चूक. हवेचा विचार बाजूला ठेवला तर चेंडू हातातून सुटल्यापासून खाली येईपर्यंत त्याच्यावर एकच बल असतं, गुरुत्वाकर्षणाचं. वेग शून्य असतो तेव्हाही त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतंच. न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणणारी, त्यावरची गणितं सोडवणारी मुलंसुद्धा इथे फसतात. लहानपणापासून मनात बसलेली "हालचाल आहे म्हणजे बल आहे" ही समजूत लेक्चर ऐकून जात नाही. उत्तर आधी स्वतः लिहा, मित्राला पटवून द्यायचा प्रयत्न करा, मग पडताळा. आपलं उत्तर चुकलेलं डोळ्यांसमोर दिसलं की ती समजूत हलायला लागते.

गणिताचा कच्चा पाया आणि एकक

भौतिकशास्त्र अवघड जातं म्हणणाऱ्या कित्येकांचं घोडं खरं तर अपूर्णांक, घातांक आणि लॉगमध्ये अडलेलं असतं. त्याची लाज वाटू देऊ नका, शाळेचं पुस्तक काढून उजळणी करा. थोड्या दिवसांत फरक पडतो.

एककं मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहा. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. एका गटाची संगणकप्रणाली आवेग पाउंड-सेकंदांत देत होती आणि दुसरा गट तो न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. फरक सुमारे ४.४५ पटींचा.

प्रॅक्टिकलमध्ये उत्तर जुळवून घेणं

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण तिला बऱ्याचदा मार्कही मिळतात. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना पुस्तकातली किंमत ९.८ आणि आपली ९.३ आली की खोडून ९.७ लिहायचं. किंवा टायट्रेशनचं पहिलं रीडिंग ९.६ मिलिलिटर आलं की पुढची दोन न घेताच ९.६ लिहून मोकळं व्हायचं. असं केलं की त्या प्रयोगातून शिकण्यासारखं जे होतं, तेच पुसलं जातं. ९.३ का आलं? लंबकाची लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजली, की फक्त दोऱ्याची? आणि उत्तर उलट बरंच जास्त आलं असेल तर, दहा आंदोलनं मोजताना सुरुवातीलाच "एक" म्हटलं का? तसं झालं असेल तर मोजली गेली नऊच. रॉबर्ट मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञानं १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेला इलेक्ट्रॉनचा प्रभार आजच्या किमतीपेक्षा किंचित कमी होता. त्यामागे हवेच्या व्हिस्कॉसिटीचा (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचा) वापरलेला आकडा चुकीचा होता. फरकाला कारण असतं आणि शोधलं तर ते सापडतं.

ब्युरेट (टायट्रेशनमध्ये द्रावण मोजून सोडायची खुणांची नळी) वाचताना डोळे द्रावणाच्या पातळीला आणा आणि रंगहीन द्रावण असेल तर त्याच्या वक्र पृष्ठभागाचा खालचा भाग वाचा. रीडिंग चिठोऱ्यावर न लिहिता थेट वहीत, पेनाने लिहा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, म्हणजे जुना आकडा वाचता येईल. पुष्कळदा तो जुना आकडाच बरोबर होता असं नंतर लक्षात येतं.

मागे पडलाच असाल तर

चाचणीचा तपासलेला पेपर हातात आला की मार्क बघून घडी घालून ठेवू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: मुळात माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही. या दुखण्यांची औषधं वेगवेगळी आहेत. आठवत नसेल तर कोरा कागद हवा, वेळ पुरत नसेल तर घड्याळ लावून सराव हवा. कारण न शोधता "आता जास्त अभ्यास करतो" असं ठरवलं की तीच पद्धत आणखी जास्त तास चालते.

दुसरं, पहिल्या धड्यापासून सुरुवात करण्याचा मोह आवरा. तुम्ही मागचं भरून काढेपर्यंत वर्ग आणखी पुढे जातो आणि रोजचं लेक्चर डोक्यावरून जात राहतं. आज वर्गात जे चाललंय तिथून सुरू करा. त्यात जी संकल्पना अडेल तेवढ्यासाठीच मागे जा, ती समजली की परत आजच्या धड्यावर या. काही मागचे धडे असे कधी उघडलेच जाणार नाहीत, त्यांच्यासाठी सुट्टीचे दिवस राखून ठेवा.

आणि मदत मागायला परीक्षेच्या आदल्या आठवड्याची वाट पाहू नका. सरांकडे किंवा मॅडमकडे जाऊन "मला थर्मोडायनॅमिक्स कळत नाही" म्हटलं तर तेही काय सांगणार, धडाच परत शिकवायला लागतील. स्वतः सोडवायला घेतलेला कागद बरोबर न्या आणि "इथपर्यंत आलं, इथे चिन्ह उणे का घेतलं ते कळलं नाही" असं बोट ठेवून विचारा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं आणि पुढच्या वेळी जायला संकोचही वाटत नाही.