लोकल कॅशेत जुनी व्हॅल्यू अडकून राहायची, ते असं सुटलं

रेडिस ६ (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस सर्व्हर) मधलं क्लायंट ट्रॅकिंग, म्हणजे आपण वाचलेली की बदलली तर सर्व्हरने कळवण्याची सोय, चालू असूनही लोकल कॅशेत (प्रोग्रॅमने स्वतःजवळ ठेवलेल्या प्रतींत) एखादी की, म्हणजे डेटाचं नाव, जुनीच व्हॅल्यू देत राहायची. मूळ दोन कनेक्शनमध्ये होतं: डेटा एकावर, इनव्हॅलिडेशनचे ('ही की बदलली, जवळची प्रत काढा' असे) संदेश दुसऱ्यावर. गेटचं (की वाचायच्या कमांडचं) उत्तर वाटेत असताना की बदलली तर संदेश आधी पोचतो, तेव्हा कॅशेत काढण्यासारखं काहीच नसतं. मागून जुनं उत्तर येऊन बसतं. ती की पुन्हा वाचेपर्यंत सर्व्हर परत कळवत नाही.

गेट पाठवण्याआधीच कॅशेत 'येतंय' अशी खूण ठेवली. संदेश आला की खूण पुसायची. उत्तर आल्यावर खूण शिल्लक असेल तरच साठवायचं. प्रत्येक खुणेला वेगळा क्रमांक हवाच, नाहीतर दुसऱ्या थ्रेडची (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाची) खूण आपली समजली जाते.

इनव्हॅलिडेशनचं कनेक्शन तुटलं तर अख्खी कॅशे रिकामी करा. त्या कनेक्शनवर ठरावीक अंतराने पिंगही (ते चालू आहे का हे तपासणारा छोटा संदेश) ठेवा.