सागरी व्यापारातल्या कापडांवर काम करायचंय? आधी सूत बघायला शिका

वस्त्रकलेचं शिक्षण घेणारी मुलं-मुली मला वरचेवर विचारतात, "ताई, जुन्या सागरी व्यापारावर आधारित काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या फोनमध्ये नक्षीचे फोटो आधीच जमलेले असतात. मी त्यांना सांगते, नक्षी जरा बाजूला ठेवा आणि धागे मोजायचं भिंग विकत घ्या.

कातताना सुताला दोन दिशांनी पीळ बसू शकतो. धागा उभा धरल्यावर पिळाच्या रेषा उजवीकडे वर चढत असतील तर तो झेड पीळ, डावीकडे चढत असतील तर एस. प्राचीन इजिप्तमध्ये बहुधा एस पिळाचं सूत कातत, भारतात झेड पिळाचं. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या रोमनकालीन बंदराच्या उत्खननात झेड पिळाचं सुती कापड सापडलं. ते भारतातून आलेलं आहे, हे सांगणाऱ्या पुराव्यांत हा पीळ महत्त्वाचा ठरला. नक्षी कुणीही उचलतो, कातणाऱ्या हाताची सवय मात्र सहज बदलत नाही.

मग वळा फुस्तातकडे. जुन्या कैरोतल्या या वस्तीच्या उकिरड्यांतून छापील सुती कापडाचे हजारो तुकडे निघाले. त्यातले बरेचसे गुजरातचे आहेत, हे वस्त्र-अभ्यासक फिस्टर यांनी 1938 मध्ये मांडलं. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात न्यूबेरी संग्रहातले असे 1200 हून अधिक तुकडे आहेत आणि ते संग्रहालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. राजवस्त्रं नव्हेत ही. साध्या माणसांनी वापरून, ठिगळं लावून, शेवटी टाकून दिलेलं कापड आहे, आणि म्हणूनच मला ते जास्त मोलाचं वाटतं. याच जातीचं गुजराती कापड पूर्वेकडे इंडोनेशियातही गेलं. सुलावेसीतल्या तोराजा लोकांनी ते पवित्र ठेवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपलं. हंसांच्या रांगांची एकच नक्षी कैरोच्या उकिरड्यात चिंधी म्हणून आणि इंडोनेशियात पूजेचं वस्त्र म्हणून सापडते!

आता हातांचं शिक्षण. संधी मिळाली की कच्छला जा. अजरख या ठशांनी छापायच्या पारंपरिक कापडाची छपाई धमडका आणि अजरखपूरला बघायला मिळते. 2001 च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं, ते रंगांना मानवेना, म्हणून रंगाई-छपाई करणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं. मला जे पुस्तकांतून कळत नव्हतं ते तिथल्या छपाईच्या पाटावर उमगलं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. मग चुना आणि डिंकाचं मिश्रण ठशाने लावून पांढऱ्या रेषा राखतात. काळ्यासाठी भंगार लोखंड आणि गूळ आंबवून त्यात चिंचोक्याचं पीठ घालतात, लालसाठी तुरटी छापतात. तुरटी छापताना कापडावर लाल काही दिसत नाही. निळीच्या हौदातून काढून, धुऊन, शेवटी मंजिष्ठेत किंवा अलिझरिन या लाल रंगद्रव्यात उकळलं की तुरटी असेल तिथेच लाल उमटतो.

हे एकदा बघितलं की जुन्या तुकड्यांकडे बघायची नजर बदलते. त्यांच्यावरच्या काळ्या रेषा अनेकदा विरून गेलेल्या असतात, आजूबाजूचं लाल मात्र शाबूत. कारण लोहाचा रंग सुताला हळूहळू खातो. त्या पाटाशी बसलेल्या माणसाला ही झीज बघताक्षणी ओळखता येते. जहाजाचं चित्र डिजिटल छापून त्याला 'सागरी वारसा' म्हणणारे संग्रह मला म्हणूनच भावत नाहीत. व्यापार त्या जहाजाच्या आकारात नव्हता, तो या तुरटीत आणि निळीत होता.

मराठी मुलांना घराजवळचा एक धागाही सांगते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तांतात तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून साधं कापड आणि मलमल गाड्यांनी भरूच बंदरात जात असल्याची नोंद आहे. कल्याण आणि सोपाऱ्याचंही नाव त्यात येतं. तेरचं लामतुरे संग्रहालय अवश्य बघा.

अहमदाबादचं कॅलिको म्युझियम (स्थापना 1949) बघायचं तर आगाऊ नोंदणी लागते आणि आत फोटो काढू देत नाहीत. वही न्या, रेखाटनं करा, तेच जास्त लक्षात राहतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं वस्त्रदालनही चुकवू नका.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. रचनाकार व्हायचं तर अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था किंवा निफ्ट ही फॅशन तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था, अभ्यासक व्हायचं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व. रसायनशास्त्राची पदवी असेल तर मला विशेष आनंद होतो. लाल रंग मंजिष्ठेचा की आल या झाडाच्या मुळाचा, हे विश्लेषणातून ओळखता येतं आणि असं काम करणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. जतनाच्या कामासाठी लखनौच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची चौकशी करा. नोकऱ्या मोजक्या असतात. संग्रहालयांत नोंदी करणं, जतन, कारागिरांच्या कामाचं दस्तऐवजीकरण, अध्यापन यातलं मिळेल ते घेत बहुतेकजण पुढे सरकतात. पहिली काही वर्षं दुसरं उत्पन्न हाताशी ठेवलेलं बरं.

एक मात्र आग्रहाने सांगते. कारागिराकडे शिकलात तर मोबदला द्या, आणि तुमच्या कामात त्यांचं नाव तुमच्या नावाशेजारी छापा.

कच्छला जाताना पावसाळा टाळा. कापड वाळवायला ऊन लागतं, त्यामुळे त्या दिवसांत छपाई मंदावते. थंडीत जा, आणि तिथे पोचल्यावर ठसा मागण्याआधी कापड धुवायच्या हौदाशी उभं राहू द्याल का, असं विचारा. रंग पक्का बसला की नाही, ते तिथेच कळतं.