पोस्टर सजलंय, पण बोलत नाही? डिझाइन करताना या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगावच्या रस्त्यांवर फ्लेक्स लागतात. गणपती, झेंडूचं तोरण, सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात दुकानाचा लोगो. त्यातलं दुकानाचं नाव बदलून पाहा, जाहिरात तशीच चालते. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती रंगांत किंवा फॉन्टमध्ये नाही. सांगायचं काय हे ठरण्याआधीच कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलेलं असतं.

हार्डवेअरचं दुकान घ्या. गणपतीवर माटोळी, म्हणजे फळं टांगायची लाकडी चौकट, बांधायची तर सुतळी, खिळे, आकडे लागतात आणि ते या दुकानात मिळतात. मग फळांनी भरलेली माटोळी कशाला दाखवायची? ती सगळेच दाखवतात. लाकडाची रिकामी चौकट दाखवा, कोपऱ्यात सुतळीची पहिली गाठ आणि खाली एकच ओळ: 'फळं तुमची, गाठ आमची.' ही जाहिरात मिठाईवाल्याला किंवा सोनाराला वापरताच येणार नाही. आणि ती सुचायला संगणक लागत नाही.

दुसरी चूक आपल्या गोव्यात फार होते. विषय कुठलाही असो, माड, लाटा आणि गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या धाटणीची माणसं येतात. मारियोंनी तरुणपणी डायऱ्यांमध्ये आजूबाजूची माणसं रेखाटली, त्यांच्या लकबी टिपल्या. आपण त्यांची रेषा उचलतो, त्यांचं निरखणं मात्र उचलत नाही. शाळेच्या प्रवेशाच्या पोस्टरवर माड काय सांगतो, हे स्वतःला विचारायलाच हवं.

एकाच पोस्टरमध्ये चार कल्पना कोंबू नका. फोक्सवॅगनने 1959 साली जवळजवळ कोऱ्या पानावर छोटीशी गाडी ठेवून 'थिंक स्मॉल' म्हटलं. गाडी लहान असणं हाच मुद्दा होता, म्हणून ती मोकळी जागा बोलली. नुसतीच जागा मोकळी सोडून हे साधत नाही.

क्लायंट 'काहीतरी कमी वाटतंय' म्हणाला की लगेच शॅडो, ग्रेडियंट वाढवले जातात. त्याआधी मित्राला फोन करून डिझाइन एका वाक्यात सांगा. तुमचं वाक्य 'निळ्या बॅकग्राउंडवर...' असं सुरू झालं, तर कल्पनाच नाही असं समजा आणि कागदाकडे परता. पेन्सिलीची दोन-तीन कच्ची चित्रं क्लायंटला आधीच दाखवलेली बरी. त्यांत लोगोच नसतो, त्यामुळे तो मोठा करा असं कुणी म्हणत नाही आणि बोलणं कल्पनेवरच होतं.