मिशनवर मन थाऱ्यावर राहावं म्हणून

मी वसईची. शिक्षणाने नर्स. बरीच वर्षं टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, सुकुमा लोकांच्या मुलखात आमच्या सिस्टर्सच्या संघाचा छोटा दवाखाना सांभाळते. सुट्टीला घरी आले की नव्याने मिशनवर निघालेल्या सिस्टर्स, एखाद-दुसरे तरुण फादर भेटायला येतात. मच्छरदाणी, टॉर्च, चपला हे सगळं विचारून झालं की मग खरा प्रश्न येतो. तिथे मन लागतं का? सगळं अंगावर येतं तेव्हा प्रार्थनेत शांती मिळते का? त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. शांती मिळते. मात्र तिच्यासाठी रोज काही करावं लागतं, आणि एकट्याच्या बळावर मिळवायला गेलात तर ती टिकत नाही.

आधी जेवण आणि झोप

जाण्यापूर्वी बायबलमधल्या राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १९वा अध्याय नीट वाचा. एलिया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो आणि तिथेच झोपून जातो. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलिया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. होरेब डोंगरावर त्याला देवाचा मंद आवाज ऐकू येतो, ते सगळं त्यानंतरचं.

आपण नेमकं उलट करतो. दमलेलं शरीर आणखी तासभर चॅपलमध्ये बसवतो, मन कोरडंच राहिलं की विश्वास कमी पडला म्हणून स्वतःला बोल लावतो. नर्स म्हणून सांगते, मलेरियाचा ताप गोळ्यांनी उतरतो, पण अशक्तपणा आणि मनाची मरगळ पुढे कित्येक दिवस राहू शकते. त्या दिवसांत भरून आलं तर ते आजारपणच समजा. मलेरिया होऊ नये म्हणून मेफ्लोक्विनची आठवड्याला एक गोळी घेत असाल आणि भयंकर स्वप्नं, धास्ती, उदासी सुरू झाली, तर डॉक्टरांना लगेच सांगा. या औषधाने काहींच्या मनावर असा परिणाम होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असे दुसरे पर्याय असतात, त्यातला कुठला तुम्हाला चालेल ते डॉक्टर सांगतील. पूर्वी कधी नैराश्याचा त्रास झाला असेल, तर तो निघण्याआधीच सांगायचा. लपवायचं काही कारण नाही.

आणि तिथलं जेवण जेवायला शिका. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पहिल्या महिन्यात घशाखाली उतरत नाही. तिच्याबरोबर ‘दगा’ मागून घ्या. सरोवरातली ही बारीक सुकी मासळी थेट आपल्या सुकटीसारखी लागते. वसईच्या माणसाचा अर्धा जीव तिथेच शांत होतो!

प्रार्थनेची वेळ, आणि भाषा

वेळ इथूनच ठरवून जा. माझी पहाटे साडेपाचची आहे. तेव्हा तिथे अंधारच असतो, दवाखान्याच्या ओट्यावर अजून कोणी आलेलं नसतं. वेळ छोटी धरा, पण मोडू नका. मन लागलं तर लागलं, नाही लागलं तरी बसायचं. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या संत इग्नेशियसने, म्हणजे पुढे येशूसंघ स्थापणाऱ्या संताने, आपल्या मनाच्या चढउतारांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. पुढे त्याने जे नियम लिहिले, त्यातले दोन मिशनवरच्या माणसाला फार उपयोगी पडतात. एक, मन काळवंडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. दुसरा, प्रार्थना नकोशी वाटेल त्या दिवशी ठरल्यापेक्षा थोडा वेळ जास्तच बसायचं. हा दुसरा नियम वर लिहिलेल्या झोपेच्या गोष्टीशी भांडतो असं वाटेल. भांडत नाही. कंटाळा असेल तर चार मिनिटं जास्त बसा, ताप असेल तर झोपा. दोन्हींतला फरक ओळखायला हळूहळू जमतं.

तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, स्वाहिलीत असते. उत्तरं सहा महिन्यांत तोंडपाठ होतात, काळजात उतरायला मात्र वर्षं लागतात. म्हणून रात्रीची रोजरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ, मराठीतच म्हणा. आजी ज्या चालीवर ‘नमो मारिये’ म्हणायची, त्याच चालीवर. परक्या भूमीवर परमेश्वराचं गीत कसं गावं, हा बायबलमधल्या १३७व्या स्तोत्रातला प्रश्न, बंदी करून नेलेल्या आणि बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या माणसांचा आहे. तो तुम्हालाही पडेल आणि पडू द्यावा.

झोपण्यापूर्वी दिवस मागे उलगडून पाहा. आज देवाची चाहूल कुठे लागली, आणि कुठे मी त्याच्याकडे पाठ फिरवली, एवढंच. वहीत एक ओळ लिहा. उत्तर मोठं लागत नाही. माझ्या वहीत एके दिवशी फक्त एवढं आहे : एका आजीने कांग्याच्या, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या रंगीत कापडाच्या, गाठीतून सोडून भुईमुगाच्या शेंगा दिल्या, अजून मातीने ओल्या होत्या. वाईट आठवड्यात मी नवीन काही लिहायला जात नाही, हीच जुनी पानं वाचते.

गाऱ्हाणं देवापुढेच घाला

मार्च ते मे तिथे मोठा पाऊस. अशाच एका पावसात रात्री एक बाप तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तळहात पांढरेफटक पडले होते, श्वास वर लागलेला. मलेरियाने रक्त संपवलं होतं. आर्टेसुनेटचं इंजेक्शन आमच्याकडे होतं, ते दिलं. रक्त आमच्याकडे नसतं, त्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावं लागतं, आणि मधल्या ओढ्याला इतकं पाणी होतं की गाडी काय, माणूसही पार होत नव्हता. उजाडायच्या आत ती गेली.

त्या सकाळी प्रार्थनेच्या पुस्तकात स्तुतीचं स्तोत्र होतं. मला ते म्हणता येईना. मी ८८वं स्तोत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. त्यात शेवटीही उजेड येत नाही, अंधारावरच ते संपतं. तरी चर्चने ते वगळलेलं नाही, दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवलं आहे. मला याचा केवढा आधार वाटतो! देवाला असं बोललेलं चालतं. म्हणून निघण्याआधी गाऱ्हाण्याची तीन स्तोत्रं खूण घालून ठेवा : १३, २२ आणि ८८. लागतील तेव्हा शोधत बसायला लागू नये. मोठ्याने वाचा, आणि वाचून झाल्यावर स्वतःच्या शब्दांत काय ते सांगा. त्या मुलीचं नाव घेऊन सांगा. त्या दिवशी मला उत्तर मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही. पण सात वाजता ओपीडी उघडताना हात थरथरत नव्हते. मी त्याला शांती म्हणते.

ज्यांना वाटतं की खऱ्या भक्ताला असा अंधार येत नाही, त्यांनी मदर तेरेसांची पत्रं आठवावीत. २००७ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतही नव्हतं. तरी रोजची प्रार्थना आणि रोजचे गरीब, दोन्ही त्यांनी सोडले नाहीत.

लोकांना तुमची काळजी घेऊ द्या

हे सर्वांत अवघड. आपण द्यायला गेलेलो असतो, घ्यायची सवयच नसते.

अल्जेरियाच्या दक्षिणेला, तामानरासेतच्या वाळवंटात संत शार्ल द फूको हे फ्रेंच धर्मगुरू एकटे राहत. सोबत दुसरा ख्रिस्ती माणूस नाही म्हणून त्यांना मिस्सा अर्पण करता येत नव्हती. १९०७ चा नाताळ मिस्सेविना गेला. दुष्काळ होता, जे होतं ते त्यांनी वाटून टाकलं होतं. जानेवारी १९०८ मध्ये ते इतके आजारी पडले की हलताही येईना. तेव्हा तिथल्या तुआरेग जमातीच्या शेजाऱ्यांनी चार किलोमीटरच्या परिसरात जिच्या सडात थोडंफार दूध उरलं होतं अशी एकेक शेळी शोधली आणि ते दूध त्यांना पाजलं. ज्यांना वाचवायला गेले त्यांनीच त्यांना वाचवलं. त्याच महिन्याच्या अखेरीस एकट्याने मिस्सा अर्पण करायची परवानगी रोमहून आली. माझ्या मते त्यांचं मिशन खऱ्या अर्थाने त्या दुधापासून सुरू झालं.

आमच्या गावीही फादर दर रविवारी येऊ शकत नाहीत, पुष्कळदा कॅटेकिस्टच, म्हणजे गावातला धर्मशिक्षकच, रविवारची प्रार्थना घेतो. पण आठवड्यातून एकदा वाडीवाडीची जुमुइया, म्हणजे छोटी प्रार्थनामंडळी, भरते, दहा-पंधरा घरं कुणाच्या तरी अंगणात एकत्र येऊन शुभवर्तमान वाचतात. तिथे पाहुणी म्हणून जाऊ नका, सभासद व्हा. प्रार्थनेची विनंती मागतात तेव्हा स्वतःचीही विनंती मांडा.

माझी आई गेली तेव्हा मला घरी पोहोचता येण्यासारखं नव्हतं. मयत फोनवर पाहिली, नेटवर्क सारखं जात होतं. मी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं, पण स्वयंपाकीणबाईने सांगितलं असणार. संध्याकाळपर्यंत कॉन्व्हेंटच्या आवारात चटया पडल्या होत्या. बायका मक्याचं पीठ, बीन्स, डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन आल्या. चूल त्यांनीच पेटवली. मला उठू देईनात. एकीने माझ्या खांद्यावर कांगा टाकला आणि शेजारी बसून राहिली. पुरुष बाहेर आगटीभोवती रात्रभर बसले. त्यांनी माझ्या आईचं नाव विचारून घेतलं आणि प्रत्येक प्रार्थनेत ते घेतलं, त्यांच्या उच्चारात. वसईत माझी भावंडं घरात बसली होती, आणि तिथे मलाही रडायला एक घर होतं. देवाने मला एकटं टाकलं नाही, हे मी त्या दिवसांत कुठल्या पुस्तकातून शिकले नाही.

म्हणून सांगते, दुःख लपवून खंबीर दिसायचा हट्ट करू नका. कुणी उकडलेली रताळी घेऊन आलं तर घ्या, बसा, खा.

घराशी फोनचा दिवस ठरवा. आपली वेळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथले संध्याकाळचे सात वाजले की घरी साडेनऊ, जेवणं उरकलेली असतात. रोज रात्री अंथरुणात पडून गावातल्या लग्नांचे फोटो पाहत बसलात तर ना इथले राहाल ना तिथले. संत फ्रान्सिस झेवियर आपल्या सोबत्यांच्या पत्रांतल्या सह्या कापून त्या गळ्यात बाळगायचा. घरच्या माणसांची नावं अशीच रोजच्या प्रार्थनेत जवळ ठेवा.

सगळ्यालाच क्रूस म्हणू नका

उकाडा, एकटेपणा, न समजणारी भाषा, हे क्रूस म्हणून उचलता येतं. पण सहकाऱ्याकडून किंवा वरच्या व्यक्तीकडून छळ होत असेल, कुणी अंगचटीला येत असेल, पगाराचे किंवा देणगीचे पैसे नाहीसे होत असतील, तर ते मुकाट्याने सोसणं ही भक्ती नाही. लिहून ठेवा, तारीख घाला, प्रोव्हिन्शियलला, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखाला, कळवा. तिथे दाद लागली नाही तर त्यांच्याही वर कळवा. अशा वेळी देवाकडे सहनशक्ती मागण्याआधी बोलायचं धैर्य मागावं.

यासाठी निघण्यापूर्वीच एक आध्यात्मिक मार्गदर्शक पक्का करा. तुमच्या कम्युनिटीतला नको, तुमच्या बदलीचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो तर नकोच. महिन्यातून एकदा फोन, ठरलेल्या दिवशी. त्यांना सांगून ठेवा की सलग दोन-तीन आठवडे माझी झोप उडाली, जेवण तुटलं, किंवा मरणाचे विचार येऊ लागले असं मी बोलले, तर मला डॉक्टरकडे पाठवा आणि गरज पडली तर परत बोलवा. तेव्हा मी नको म्हणेन, माझं ऐकू नका. हे शुद्धीत असताना, स्वतःच्या हाताने लिहून त्यांच्याकडे द्या, आणि एक प्रत संघाच्या कार्यालयात ठेवा.