सोर्ड आर्ट ऑनलाइन बघायचंय? मग अशी बघा

आधीच सांगतो, ही जपानी ॲनिमे सिरीज सगळी सलग बघत सुटलात तर वैतागाल. २०१२ च्या पहिल्या सीझनचे २५ एपिसोड आहेत, त्यातले पहिले १४ म्हणजे आइनक्रॅड नावाचा टप्पा, १० हजार प्लेअर गेममध्ये अडकलेत, लॉगआउटचं बटणच गायब आणि आत मेलात की डोक्यावरचं नर्व्हगिअर हे हेल्मेट खरोखरचा मेंदू भाजून काढतं. पहिला एपिसोड बघून पुढचा लावावासा वाटला नाही तर सोडून द्या सरळ.

तिसऱ्यापासून गोष्ट महिनेच्या महिने उड्या मारते, तिथे गोंधळू नका. झालंय असं की रेकी कावाहाराच्या मूळ कादंबरीच्या पहिल्या भागात सुरुवात आणि मग थेट शेवटचा टप्पा आहे, सिलिका, लिझबेथ वगैरे मंडळी दुसऱ्या भागात सुट्या कथांमधून येतात आणि ॲनिमेवाल्यांनी त्या तारखेनुसार मध्ये घुसवल्या. म्हणून ३ ते ७ सुटेच समजून बघा, मग दरवेळी ही नवीन मुलगी कुठून टपकली असं होत नाही (होतं, पण कमी). तिसरा, साचीचा, अजिबात चुकवायचा नाही. मी तो जेवताना लावला होता, ताट तसंच राहिलं.

१४ झाले की दोन दिवस ब्रेक घ्या. पुढचं फेअरी डान्स म्हणजे उडण्याचे सीन मस्त आणि युकी काजिउराचं म्युझिक आहेच, पण ज्या हिरॉइनने, असुनाने, इतकी भारी तलवार चालवली तिलाच पिंजऱ्यात बसवून ठेवलंय, व्हिलन नुसता किळसवाणा, वर हिरो किरितोवर त्याच्या मावसबहिणीचं ते प्रेम. २४ वा एपिसोड तर मी फॉरवर्ड करत करत बघितला, तुम्हीही तेच करा.

दुसरा सीझन २०१४ चा. १ ते १४ बंदुकांचा गेम, त्यात सिनॉन या मुलीची बंदुकीची भीती छान दाखवलीय. १५ ते १७ टाइमपास. १८ ते २४ मदर्स रोझारियो, इथे किरितो बाजूला बसतो, असुना आणि यूकी नावाची नवी मुलगी पुढे येतात आणि सिरीज एकदम सुधारते! म्हणजे दुखणं कुठे होतं बघा, हा पोरगा प्रत्येक फाइट जिंकणारच हे आपल्याला आधीपासून माहीत असतं.

मग ऑर्डिनल स्केल हा २०१७ चा पिक्चर, आणि त्यानंतरच ॲलिसिझेशन, ते ४७ एपिसोड आहेत आणि सुरुवात संथ, सुट्टी असेल तेव्हाच हात घाला.