रुखवत मांडायचंय? आधी टेबल बघून या

रुखवताची तयारी बहुतेक घरांत सुपारीच्या भटजींपासून सुरू होते. मी म्हणते, आधी कार्यालयात जाऊन टेबल बघून या. नाशकात हल्ली बरीच लग्नं लॉन्सवर लागतात. तिथे रुखवत मंडपाच्या कडेला येतं आणि संध्याकाळी वारा सुटला की रांगोळी, कागदी पावलं सगळं पाहुण्यांच्या ताटात. तेव्हा टेबलं किती, केवढी, जवळ प्लग आहे का, समोर कूलर लावणार का, हे विचारून वहीत लिहा. सहा फुटी दोन टेबलं मिळणार असतील तर वीस-बावीस वस्तू पुष्कळ झाल्या. चाळीस केल्यात तर भातुकलीचं दुकान दिसेल.

मोती, लेस, जर, टिकल्या मेनरोड-भद्रकालीत एका फेरीत होतात; रविवारची गर्दी टाळा. येवल्याला पैठणी घ्यायला घरातलं कुणी जाणारच, त्यालाच काठाचा उरलेला तुकडा मिळतो का विचारायला सांगा. वीतभर मिळाला तरी नारळाच्या नवरीचा शालू होतो.

या नारळाचं जरा सविस्तर सांगते, कारण हात पोळलेत. पाण्याचा नारळ घेऊ नका. भाचीच्या लग्नात नवरी आदल्या रात्री पिशवीतच तडकली, शालू भिजला आणि सकाळी सहाला आम्ही नवी नवरी नटवत बसलो होतो. हलवल्यावर आत गोटा खुळखुळणारा सुका नारळ घ्या. शेंडी ठेवून बाकीचं सोलायचं, पॉलिश पेपरने घासायचं, रंगाचे दोन हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ज्याचा हात स्थिर आहे त्यानेच काढावेत. मुंडावळ्या, नथ चिकटवण्यापेक्षा दोऱ्याने बांधा. ग्लू गनचा गोंद मे महिन्यात बंद गाडीत मऊ पडतो.

सप्तपदीची सात पावलं रांगोळीची नकोत, पुठ्ठ्यावर रंगीत तांदूळ चिकटवून करा. चमचाभर व्हिनेगरमध्ये खाण्याचा रंग कालवून अर्धा किलो तांदळाला चोळायचा आणि ते तांदूळ रात्रभर घरातच पसरायचे.

नाशिकचं म्हणून एक तरी हवं. आमच्याकडे बेदाण्यांचा घड असतो: हिरवे बेदाणे बारीक तारेत ओवून तीन-तीनचे झुबके, ते वरून खाली निमुळते बांधायचे, पानं क्रेप कागदाची. हा शेवटच्या आठवड्यातच करा, चिकट असतो आणि मुंग्यांना पत्ता लगेच लागतो. लाडू, करंज्या, अनारसे, चिवडा यांना सेलोफेनचा कागद, आणि टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. जुनी युक्ती, पण खडूपेक्षा बरी.

मांडणीसाठी द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेट्या मार्चमध्येच मागून ठेवा. उपड्या रचून तीन पायऱ्या करायच्या, वर एकरंगी चादर. वस्तू रंगीबेरंगी असतात, खालचं कापडही फुलाफुलांचं असलं तर नजर कशावरच ठरत नाही. उंच वस्तू मागे, नवरा-नवरी मधोमध, आजीने क्रोशाने विणलेला रुमाल वाकडा असला तरी पुढच्या रांगेत. घरी एकदा पूर्ण मांडून फोटो काढा. कार्यालयात पहाटे मांडणारा वेगळाच कुणी असतो, त्याला तो फोटो पुरतो. उखाण्यांच्या पट्ट्या जाड अक्षरात लिहा. वाचणाऱ्या आत्याबाईंचा चष्मा त्या दिवशी हमखास घरी राहतो.

निघताना पिशवीत कात्री, टाचण्या, सुई-दोरा, दुहेरी चिकटपट्टी, थोडे जास्तीचे तांदूळ आणि मोती. उसन्या आणलेल्या पितळी ताटांच्या तळाला नावाची चिठ्ठी चिकटवा. शेजारच्या काकूंचं तबक रुखवताबरोबर व्याह्यांकडे गेलंय. तीन वर्षं झाली, मागायला कुणी जात नाही.