लोकलमधून पडून माणूस गेला, तर दावा कसा करायचा

हे कळव्याजवळ भरगच्च लोकलमधून पडले. घरात रडारड चालू होती, पण दीर ठाण्याला लोहमार्ग पोलिसांकडे बसून राहिले. तुम्हीही तेच करा. खिशातला पास पंचनाम्यात नोंदला गेलाय ना, ते सही करण्याआधी वाचा. स्टेशन मास्तरांचा मेमो, म्हणजे अपघाताची त्यांनी पोलिसांना दिलेली लेखी खबर, आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागून घ्या.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, 1 वर्षाच्या आत. मृत्यूची भरपाई 8 लाख. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, माणूस प्रवासी होता एवढं दाखवायचं. तिकीट सापडलं नाही म्हणून खचू नका गं बायांनो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, तेवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, माणूस तिकीट काढून प्रवास करत होता असं प्रतिज्ञापत्र द्या. कोऱ्या वकीलपत्रावर मात्र सही नको.